बिननावाच्या गाण्याला उत्तर नाही

"पारंपरिक म्हंजे काय, भाऊ?" भावना हिवाळेनं विचारलं.

केदारखेड्याच्या शिवारात कपाशीचा प्लॉट, वेळ उन्हं कलतीची. बांधावर हरिओम उभा, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात भलामोठा मोबाइल. हा जालन्याचा. गावोगावची गाणी शोधायची, चांगल्या गळ्याकडून म्हणवून घ्यायची आणि आपल्या चॅनलवर टाकायची, हा त्याचा उद्योग. त्याच्या मोबाइलवर आकांक्षा नावाची एक तरुण गायिका गात होती. मागे ढोलकी, बासरी आणि कुठल्या तरी परक्या वाद्याचा घुमारा. आवाज गोड होता, खोटं कशाला बोला. पण शब्द भावनाचे होते, चाल भावनाची होती, आणि खाली अक्षरं होती, 'मराठवाड्याचं पारंपरिक लोकगीत'.

"पारंपरिक म्हणजे जुनं, ताई. पूर्वापार चालत आलेलं. कुणी रचलं ते माहीत नसलेलं."

"म्हंजे मेलेल्या मानसाचं?"

"तसंच काही नाही..."

"मंग बघ इकडं. मी मेले का?"

कपाशीच्या ओळींमधून, म्हणजे वळींमधून, कळ्या सोलणाऱ्या बायांचे हात थांबले. वळीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पुष्पाबाईनं तिथूनच आवाज दिला, "हात लावून बघ रं बाबा, गरम हाये का गार!"

बायांच्या हसण्यानं बांधावरचे बगळे उडाले. हरिओमही हसला. तो काही वाईट माणूस नव्हता. त्यानं भावनाला स्टुडिओत यायचं आमंत्रण आणलं होतं. तिची दुसरी गाणी तो तिच्याच नावानं टाकणार होता. फक्त हे एक गाणं पारंपरिक म्हणून लाखो लोकांपर्यंत गेलेलं, ते तसंच राहू द्यावं, एवढीच त्याची विनंती.

"आणि शेवटचं कडवं कुठं गेलं?" भावनानं विचारलं.

"ते काढलं, ताई. नुसतं नाव असतं त्यात. गाणं लांबतं, शहरातल्या लोकांना कळत नाही."

भावनाच्या बोटांत अर्धी सोललेली कळी होती. ती तिनं शांतपणे पूर्ण सोलली, तिच्यावर खुणेचा लाल कागद चढवला आणि म्हणाली, "भाऊ, मुंडकं कापून फोटू काढला व्हय माझा? मी न्हाई येत तुझ्या स्टुडिओत."

एक कडवं कापलं तर एवढं काय बिघडलं, असं ज्याला वाटेल त्यानं वडीगोद्रीचं जुनं स्टेज पाहिलेलं नाही.

वडीगोद्रीला हमरस्त्याच्या कडेला भावनाचे वडील देवानंद यांचं पंक्चरचं दुकान होतं. बारा महिने हात ग्रीसनं काळे. पण भीमजयंतीचे दिवस आले की तेच हात साबणानं घासून घासून लाल व्हायचे आणि हार्मोनियमवर पडायचे. मग काय तो रुबाब! पांढराशुभ्र सदरा, डोक्याला निळा फेटा, पाठीशी कोरस, बाजूला ढोलकी. देवानंद आणि पार्टी स्टेजवर उभी राहिली की रस्त्यावरचे ट्रकवाले इंजिन बंद करून खाली उतरत. समोर परगावची दुसरी पार्टी बसलेली असे, आणि रंगायचा मुकाबला. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातून उत्तर द्यायचं.

त्या मुकाबल्याचा एक कायदा होता. कुणी लिहिलेला नाही, पण कुणी मोडलेलाही नाही. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ते रचणाऱ्याचं नाव गुंफलेलं असायचं. त्याला म्हणत छाप. आणि उत्तर देणाऱ्यानं तोंड उघडलं की पहिल्यांदा ते नाव घ्यायचं, 'अमक्याच्या गाण्याला जोडून' असं म्हणायचं, आणि मगच आपला सूर लावायचा. समोरचा हाडवैरी का असेना, त्याचं नाव आपल्या तोंडानं घ्यावंच लागायचं. एकदा एका पार्टीनं छापेचं कडवं गिळून गाणं संपवलं, तेव्हा देवानंदांनी हार्मोनियमचा भाता लावून टाकला आणि मांडी घालून बसून राहिले. "बिननावाच्या गान्याला उत्तर न्हाई," ते म्हणाले. "उत्तर द्यायला समोर मानूस तर पायजे!"

हे ऐकत भावना वाढली. दुकानात फुगवलेली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात फिरवायची आणि बुडबुडा कुठून येतो ते पाहायचं, हे तिचं काम. ट्यूब गोल फिरायची, तसे तिच्या डोक्यात शब्दही फिरायचे. नववीत असताना तिनं पहिलं पुरं गाणं बांधलं. देवानंदांनी ते ऐकलं, ग्रीसच्या हातांनी पोरीचे गाल धरले, काळे केले, आणि म्हणाले, "वा गं माझी वाघीन!" त्या जयंतीला ते गाणं स्टेजवर गेलं. भावना कोरसमध्ये उभी होती. शेवटचं कडवं आलं, आणि देवानंदांनी हात उंचावून गायलं, "देवानंद सांगे..."

टाळ्यांचा पाऊस पडला. भावना मात्र कोरसमध्ये तोंड मिटून उभी होती.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "बाबा, गानं माझं, छाप तुमची कशी?"

"पार्टीचं गानं, पार्टीची छाप. त्यात काय?"

"माझं नाव घालायचं."

देवानंद हसले. त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं, म्हणून तर ते इतकं सहज हसू शकले. "पोरीच्या नावाची छाप बसत न्हाई, बाई. उद्या लगन व्हईल, आडनाव बदलंल, गाव बदलंल. लोकांनी कुठं हुडकायचं तुला?"

"आडनाव बदलंल, बाबा. मी कशाला बदलू?"

पुढच्या जयंतीच्या महिनाभर आधी त्यांनी विचारलं, "गानं देती का?" ती म्हणाली, "छाप देता का?" त्या वर्षी वडीगोद्रीची पार्टी जुनी गाणी घेऊन उभी राहिली. समोरच्यांनी 'शिळी भाकर, शिळी भाकर' म्हणून ठेका धरला. देवानंदांनी ते सोसलं, पण पोरीपुढं वाकले नाहीत, आणि पोरगी बापापुढं वाकली नाही. एकाच चुलीवरचं जेवत होते आणि एकमेकांना मिठाचा डबा बोटानं दाखवत होते.

भावनाचं लग्न केदारखेड्याच्या कल्याणशी झालं. कल्याण जालन्याच्या एमआयडीसीत लोखंड लाटणाऱ्या कारखान्यात जायचा, भल्या पहाटे मोटरसायकलवर. तिथल्या खणखणाटानं त्याचा एक कान मंद झालेला. लग्नानंतर तिनं पहिल्यांदा त्याला गाणं ऐकवलं आणि भीत भीत विचारलं, कसं आहे. कल्याण म्हणाला, "मला अर्धंच आयकू येतं. पन जेवढं आलं तेवढं बिलकुल खरं हाये." असा नवरा मिळाला की बाईनं अजून काय मागावं!

केदारखेड्यात बियाणं कंपन्यांसाठी कपाशीचे प्लॉट होतात. तिथं बायांचं काम असतं क्रॉसिंगचं. संध्याकाळी मादीच्या झाडावरची उद्या उमलणारी कळी नखानं सोलायची, आतला केसर काढायचा, लाल कागद घालायचा. सकाळी नराच्या झाडाचं फूल तोडून त्यावर हलक्या हातानं फिरवायचं. एक कळी चुकली तर बी बिघडलं, आणि बी जायचं ते कंपनीच्या नावाच्या पुडीत. वाकलेल्या पाठीनं, वळीवर वळी. भावना पहिल्या दिवशी त्या कामावर गेली तेव्हा वळीच्या पुढं पुष्पाबाई होती. शेतकऱ्याच्या घरची, स्वतःचं थोडकं रान असलेली, नवऱ्यामागं घर आणि रान दोन्ही हाकणारी, आणि जिभेला हाड नसलेली बाई.

"काय गं, तोंडातल्या तोंडात काय चघळून राह्यली?" पुष्पाबाईनं विचारलं.

"गानं, मावशी."

"एकटीच खाती व्हय? वाट की जरा!"

भावनानं वाटलं. तिथंच, त्या वळीत, बोटांच्या चालीवर ते गाणं जन्मलं:

*सांजच्याला कळी सोलली, सकाळी फूल लावलं,*
*बोट माझं, बी माझं गं, पुडीवं नाव कुनाचं छापलं?*

प्लॉटवर बायांची गाणी पूर्वीपासून होती, आणि त्यांची एक वेगळीच रीत होती. शेवटच्या कडव्यात नाव यायचं ते रचणारीचं नाही, वळीच्या पुढं जी उभी असेल तिचं. तीच सगळ्यांना ओढून नेते, तेव्हा मान तिचा. भावनाला ही रीत ऐकून आधी कसंतरीच झालं. बापाशी भांडली ती नावासाठीच की. पण पुष्पाबाईच्या पाठीचा तो कमानीसारखा बाक दिवसभर समोर पाहिला, आणि तिनं आपण होऊन शेवटचं कडवं तिच्या तोंडी दिलं:

*वळीत पाठ वाकली गं, मान न्हाई वाकली,*
*पुष्पा म्हने, पुडी फोडा, आत मीच हाये झाकली!*

पुष्पाबाईनं ते गायलं आणि पदरानं तोंड पुसलं. घाम पुसला म्हणाली. मग भावनानं सगळ्यांना सांगितलं, "जी पुढं उभी, तिनं आपलं नाव घालायचं. कुनी इचारलं तर सांगा, गानं भावनानं दिलंय."

बाया सोयऱ्याधायऱ्यांच्या गावी गेल्या, गाणं बरोबर गेलं. भोकरदनकडून अंबडकडे, अंबडकडून परतूरकडे. आणि भावनाही निघाली. कुणाच्या पार्टीत नाही, कुणाच्या संचात नाही. कल्याणच्या मोटरसायकलच्या कॅरिअरला स्पीकरचा डबा बांधायचा, गळ्यात हलगी अडकवायची आणि जायचं. बारशाला, हळदीला, जयंतीला, शाळेच्या गॅदरिंगला. उसनी चाल नाही, उसना शब्द नाही. जे गायचं ते स्वतः बांधलेलं. लोक म्हणायचे, ती सिनेमातलं एक म्हण की बाई! ती म्हणायची, "ते म्हनायला डबा हाये ना तुमच्याकडं. मी कशाला आले?"

एका निवडणुकीत उमेदवाराची माणसं दारात आली. प्रचाराच्या गाडीवर तिचं गाणं लावायचं होतं. खर्च सगळा त्यांचा. बदल किरकोळ, छापेच्या जागी भाऊंचं नाव.

"ती जागा भाड्यानं देत न्हाई," भावना म्हणाली.

"ताई, विचार करा. गावात राह्याचंय तुम्हाला."

"भाऊंना बी राह्याचंय ना गावात? मंग भेटूच की."

त्या वर्षी गावातल्या दोन-तीन मंडळांनी तिला बोलावणं टाळलं. ती चौकात पाराजवळ उभी राहिली, आपली हलगी काढली आणि फुकट गायली. मंडळाच्या मांडवातली अर्धी माणसं खुर्च्या सोडून पाराकडे आली. खुर्च्या मात्र मंडळाच्याच राहिल्या.

अशी ही बाई. आणि तिच्यापुढं हरिओम मोबाइल घेऊन उभा होता.

"ताई, रागावू नका," तो म्हणाला. "मी चौकशी केल्याशिवाय पारंपरिक लिहिलं नाही. हे ऐका." त्यानं एकामागून एक आवाज लावले. अंबडच्या कुणा बाईचं रेकॉर्डिंग. शेवटी 'शेवंता म्हने'. घनसावंगीकडचं एक. 'यमुना म्हने'. परतूरकडचं एक, 'कांता म्हने'. आणि मग केदारखेड्याचंच, ओळखीच्या घोगऱ्या आवाजात, 'पुष्पा म्हने'.

"सांगा आता. गाणं कुणाचं? प्रत्येकीनं आपलं नाव घातलंय. तुमचं नाव असलेलं एकही मला सापडलं नाही. ज्याला सगळेच आपलं म्हणतात, त्यालाच तर पारंपरिक म्हणतात ना?"

हरिओमची गाडी धूळ उडवत गेली, तरी ती बांधावरच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुष्पाबाईवर घसरली. "तुम्ही सगळ्यांनी आपापली नावं घातली. आता मी काय दाखवू लोकांला? माझ्या गान्यात मीच न्हाई!"

पुष्पाबाईच्या हातात नराच्या फुलांची परडी होती. ती तिनं दाणकन खाली ठेवली. "आन घाला म्हनलं कोन? तूच ना? तवा लई दानशूर झाल्ती, आता परत मागून राह्यली व्हय? घे माघारी! घे माझं नाव काढून! मी वळीच्या पुढं मुक्यानं उभी ऱ्हाते!"

"मी तसं कुठं म्हनले?"

"मंग कसं म्हनली? आमच्या नावानं तुझं नाव बुडलं, असंच ना? आगं, त्या पोरानं तर कुनाचंच ठिवलं न्हाई! माझं बी न्हाई, तुझं बी न्हाई. आन तू भांडती कुनासंगं? माझ्यासंगं!"

भावना तोंड फिरवून आपल्या वळीत शिरली. फुलावर फूल लावत गेली. मनात ते आवाज पुन्हा पुन्हा वाजत होते. शेवंता. यमुना. कांता. पुष्पा. प्रत्येक आवाजाला एक नाव होतं, एक पाठ होती, एक वळ होती. त्यातल्या कुणाच्याही दारात जाऊन 'गाणं कुणी दिलं' विचारलं असतं, तर माग काढत काढत माणूस केदारखेड्याला आला असता. माग तुटला होता तो एकाच ठिकाणी. जिथं नावाची जागाच कापून टाकली तिथं.

वळ संपता संपता ती पुष्पाबाईपाशी आली. "मावशी, चुकलं माझं."

"ते मला ठाव हाये. पुढं बोल."

"पुढं काय? नाव कुनाचं बी चालंल मला. पन खाली जागा न्हाई चालनार."

"आत्ता बराबर बोलली," पुष्पाबाई म्हणाली आणि तिच्या हातात परडी दिली.

आठवड्यातच वडीगोद्रीचा निरोप आला. धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त कितीतरी वर्षांनी मुकाबला ठेवला होता. एका बाजूला आकांक्षा आणि पार्टी. तिचं गाणं मोबाइलवर गाजत होतं, म्हणून तिला आधी बोलावलेलं. दुसऱ्या बाजूला गावची लेक भावना. अध्यक्षस्थानी देवानंद.

"जाऊ नको," कल्याण म्हणाला. "लोकं म्हनतील, आकांक्षाचं गानं ही म्हनून राह्यली."

"मंग तर जायलाच पायजे."

कल्याणनं स्पीकरचा डबा मोटरसायकलला बांधायला घेतला. "मी आपलं म्हनून बघितलं," तो म्हणाला. "न्हाई म्हनलो असतो तर चालत गेली असती."

दिवस मावळला आणि स्टेजवरचे दिवे लागले. तेच वडीगोद्री, तोच हमरस्ता, ट्रकांचे तेच हॉर्न. पुढच्या खुर्चीत देवानंद बसले होते, थकलेले, डोळ्यांना जाड भिंगं, पण फेटा जसाच्या तसा. पंक्चरचं दुकान बंद झालं होतं. पेटी माळ्यावर गेली होती. भावनानं जाऊन जयभीम घातला. ते एवढंच म्हणाले, "आवाज बसलाय का गं तुझा?"

"न्हाई बाबा, चढलाय."

स्टेजच्या खाली हरिओम कॅमेरा लावून उभा होता. पहिला मान पाहुण्यांचा. आकांक्षा उठली. नाकीडोळी नीटस पोरगी, आवाज असा की वाऱ्यानं थांबून ऐकावं. तिनं सुरुवातच त्या गाण्यानं केली. 'सांजच्याला कळी सोलली' म्हणताच बाया माना डोलवू लागल्या. 'पुडीवं नाव कुनाचं छापलं' आलं तेव्हा शिट्ट्या झाल्या. आणि स्टुडिओत संपवलं होतं तिथंच तिनं ते संपवलं. ढोलकीनं टाळी घेतली. टाळ्या थांबेचनात.

भावना उठली. माइकपाशी आली. हलगी गळ्यात होती, पण तिनं ती खाली ठेवली. आणि भर स्टेजवर मांडी घालून बसली.

लोक गोंधळले. निवेदक पुढं आला, "ताई, उत्तर द्यायचंय. तुमची पाळी आहे."

"देते की," भावना माइक तोंडाशी धरून म्हणाली. "या स्टेजचा कायदा हाये. आधी नाव घ्यायचं, मंग उत्तर द्यायचं. मी कुनाच्या गान्याला जोडून गाऊ? सांगा मला नाव."

आकांक्षानं खाली हरिओमकडं पाहिलं. हरिओमनं तोंडानंच, आवाज न करता, शब्द दाखवला. आकांक्षा माइकवर अडखळत म्हणाली, "पारंपरिक."

तेव्हा पुढच्या खुर्चीतून काठीचा आवाज झाला. देवानंद उठले. त्यांना माइक लागलाच नाही. तीस वर्षं ट्रकांच्या हॉर्नवर मात केलेला आवाज होता तो.

"वडीगोद्रीच्या स्टेजवर म्या लई शाहीर बघितले," ते म्हणाले. "पारंपरिक नावाचा शाहीर हिथं कंदीच आल्ता न्हाई! पोरी, नाव सांग. न्हाईतर बिननावाच्या गान्याला उत्तर न्हाई."

हशा पिकला. आकांक्षाचा चेहरा लाल झाला. क्षणभर वाटलं, पोरगी रडत स्टेज सोडून जाणार. भावना बसल्या जागेवरून तिच्याकडं बघत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता. आपणच कधी कोरसमध्ये तोंड मिटून उभे होतो, ते तिला आठवत होतं.

"आकांक्षा," ती हळू म्हणाली, माइक बाजूला करून. "गानं तुला कुनी शिकवलं?"

"आईनं."

"काय करती आई?"

"प्लॉटवर जाती. परतूरला."

"वळीच्या पुढं उभी ऱ्हाती का?"

आकांक्षानं मान हलवली. मग ती ताठ झाली, ढोलकीवाल्याला बोटानं खूण केली, आणि ज्या कडव्यावर स्टुडिओत कात्री चालली होती ते कडवं तिनं असं काही उचललं की आधीचं गाणं नुसती तयारी वाटावी:

*वळीत पाठ वाकली गं, मान न्हाई वाकली,*
*कांता म्हने, पुडी फोडा, आत मीच हाये झाकली!*

"कांता माझी आई आहे," ती गाणं संपल्यावर म्हणाली. "आणि आई म्हणायची, गाणं केदारखेड्याच्या भावनानं दिलंय. मी स्टुडिओत सांगायला पायजे होतं."

बायांच्या बाजूनं टाळ्यांचा नुसता लोंढा आला. खाली हरिओमनं कॅमेऱ्यावरचा हात काढून कपाळावर ठेवला.

भावना उठली. हलगी गळ्यात घातली. "परतूरच्या कांताबाईच्या गान्याला जोडून," तिनं रीतीप्रमाणं म्हटलं, अगदी मान लववून म्हटलं. आणि मग मान वर केली, थाप मारली, आणि तिथल्या तिथं बांधलेलं नवं कडवं वडिलांच्या तोंडाकडं बघत सोडलं:

*गान्याची आई जित्ती हाये, हातीपायी धट्टीकट्टी,*
*भावना म्हने, नाव घेऊन गा, न्हाईतर माझी तुमची कट्टी!*

अख्खा मांडव हसत, टाळ्या पिटत उठला. 'वन्स मोअर'चा गजर झाला. तिनं ते पुन्हा म्हटलं, आणि दुसऱ्यांदा म्हणताना आकांक्षाला हातानं ओढून माइकवर घेतलं. 'भावना म्हने' आलं तेव्हा दोघींचे आवाज एक होते. मुकाबला कुणी जिंकला हे त्या दिवशी कुणी विचारलंच नाही.

कार्यक्रम संपला. हरिओम जवळ आला. "ताई, आजचं टाकू का चॅनलवर?"

"टाक की. पन नावाची कडवी सगळी ठिवायची. आन त्या जुन्याच्या खालचं पारंपरिक पुसायचं."

"ते लाखो लोकांनी बघितलंय, ताई. आता बदललं तर..."

"तर लाखो लोकांला कळंल. चांगलंच हाये की. न्हाई बदललं तर मी हिथून फुडं परत्येक गावात पयलं गानं तुझ्यावरच बांधनार. तुझ्या नावासकट. तुला नाव आवडत न्हाई ना? बघू मंग."

हरिओमनं हसायचा प्रयत्न केला, पण ही बाई थट्टा करत नाही हे त्याला कळलं होतं. त्यानं तिथंच उभ्या उभ्या मोबाइल काढला. 'पारंपरिक' पुसून भावनाच्या नावाची अक्षरं लिहिली. तिला दाखवली. भावनानं ती एकदा वाचली, कल्याणला वाचायला लावली, आणि म्हणाली, "कांताबाईचं बी लिव्ह. गानारीच्या आईचं."

देवानंद खुर्चीतच बसून होते. गर्दी पांगली तेव्हा ती त्यांच्यापाशी गेली. त्यांनी जाड भिंगांतून तिच्याकडं पाहिलं. पार्टीचं गाणं, पार्टीची छाप, ते सगळं त्या नजरेत येऊन गेलं असावं.

"बसती म्हनायची पोरीची छाप," ते म्हणाले.

"बसती कुठं, बाबा? बसवावी लागती."

म्हातारा खो खो हसला. मग काठी टेकत उठला आणि म्हणाला, "चल घरी. माळ्यावरची पेटी काढ. भात्यात उंदीर झाले असतील, ते बी बघ."

क्रॉसिंगचा हंगाम सरत आला होता. दोन दिवसांनी भावना प्लॉटवर परतली. गावभर चर्चा झालेलीच होती. सकाळी फुलं लावताना गाणं सुरू झालं, पुढं पुष्पाबाई, मागं सगळ्या. शेवटच्या कडव्याशी आल्यावर मात्र पुष्पाबाई अडली. तिनं मागं वळून भावनाकडं पाहिलं. कोणतं नाव घ्यावं ते तिला कळेना.

"थांबली काऊन, मावशी?" भावना मागच्या वळीतून ओरडली. "पुढं कोन उभंय? घाल तुझं नाव!"

आणि पुष्पाबाईनं घातलं, असं खणखणीत, की पलीकडच्या रस्त्यानं जालन्याला कामाला चाललेल्या मोटरसायकलवाल्यांनी माना वळवल्या.